कार्ड परत करा, आजार ठेवा

नोकरी सुटली की काय काय परत करायचं, याची यादी प्रत्येक कंपनीकडे तयार असते. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, ड्रॉवरची किल्ली, कंपनीचं सिमकार्ड. एक गोष्ट त्या यादीत नसते, कारण ती मागावीच लागत नाही, आपोआप जाते. शेवटच्या कामाच्या दिवशी रात्री बारा वाजता तुमचा, तुमच्या नवऱ्या-बायकोचा, मुलांचा आणि असलाच तर आईवडिलांचा आरोग्य-विमा संपतो. साखर, रक्तदाब, हृदयात बसवलेला स्टेंट हे सगळं तुमच्याकडेच राहतं. ते कोणी परत मागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. नोकरीबरोबर मिळालेलं आरोग्य-विम्याचं संरक्षण ही मालकाची मेहेरबानी नाही, तो पगाराचा भाग आहे. म्हणून नोकरी गेल्यावर ते चालू ठेवण्याचा हक्क कामगाराला आपोआप मिळाला पाहिजे. त्यासाठी अर्ज-विनंत्या, ओळखीपाळखी आणि परिपत्रकांची शोधाशोध लागता कामा नये. आज हा हक्क कागदावर अर्धामुर्धा आहे आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला तो माहीत नसतो. हे अज्ञान कोणाच्या तरी सोयीचं आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं आहे.

मी हे वालावलमधून लिहितो आहे. कुडाळपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, त्याला लागून असलेलं तळं आणि पलीकडे कर्लीचं पात्र बघायला लोक लांबून येतात, फोटो काढतात आणि ‘इथेच राहावंसं वाटतं’ असं म्हणून निघून जातात. इथे राहायचं म्हणजे काय, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. आमच्याकडच्या बहुतेक घरांचा इतिहास हा मुंबईला जाण्याचा आणि मुंबईहून परत येण्याचा इतिहास आहे. जाताना माणूस धडधाकट असतो. परत येतो तेव्हा त्याच्या पिशवीत औषधांचा डबा असतो. या दोन्हींच्या मधली सगळी वर्षं त्याच्या आजारपणाचा खर्च कोणी ना कोणी मालक, एखादी योजना किंवा एखादं कार्ड उचलत असतं. नेमकं परतीच्या वेळी ते कार्ड गळून पडतं.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यात कोकणातल्या घरांचा वाटा मोठा होता. संपाबद्दल लिहिताना आपण पगार, बोनस, खोल्या आणि गिरण्यांच्या जमिनी यांवर लिहितो. ते बरोबरच आहे. पण त्या कामगारांकडे आणखी एक गोष्ट होती, ईएसआयचं कार्ड. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, प्रत्यक्ष योजना कानपूर आणि दिल्लीत १९५२ ला सुरू झाली आणि मुंबईत १९५४ ला आली. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय याच योजनेतलं. गिरणीतल्या माणसाला तिथे उपचार मिळत, ते त्याच्या वर्गणीच्या जोरावर. संपात पगार थांबला. पगार नाही म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून पुढच्या लाभकाळात हक्क नाही, असं ते गणित होतं. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, पण माणसं गावी परतली. फुप्फुसात कापसाचे तंतू घेऊन परतलेल्यांनी त्यानंतरची वर्षं कशाच्या आधारावर काढली, हे आमच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कुणाचं सोनं गेलं, कुणाची काजूची बाग.

तरीही मला त्या १९४८ च्या कायद्याबद्दल आदर वाटतो. त्यात तीन गोष्टी होत्या, ज्या आजच्या चकचकीत कॉर्पोरेट विम्यात नाहीत. पहिली म्हणजे वर्गणीचा सहामाही काळ आणि लाभाचा सहामाही काळ मुद्दाम वेगळे ठेवले. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला हक्क मिळतो. त्यामुळे नोकरी गेल्या दिवशी उपचार तुटत नाहीत, काही महिन्यांचा श्वास मिळतो. दुसरी म्हणजे किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवता येतात. महिन्याचे दहा रुपये. तिसरी गोष्ट २००५ ची: कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्त्याच्या काळात उपचारही मिळतात. ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा, औषधांचा तुटवडा, डॉक्टरांची वानवा या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. पण ज्यांनी ही योजना आखली त्यांना एक साधी गोष्ट कळत होती: नोकरी आणि आजार एकाच तारखेला संपत नाहीत.

या योजनेची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार रुपयांवर थांबली आहे. त्याच्या वर एक रुपया मिळवणारा माणूस सरकारच्या लेखी ‘सुस्थितीत’ असतो आणि त्याला कंपनीच्या गट-विम्याच्या हवाली केलं जातं. आता या गट-विम्याकडे बघू.

कंपनी नोकरी देताना पगाराचा जो कागद पुढे करते त्याला सीटीसी म्हणतात. त्या कागदावर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि गट आरोग्य-विम्याचा हप्ता एकाखाली एक लिहिलेले असतात आणि त्यांची बेरीज करून ‘तुमचं वार्षिक पॅकेज’ असा मोठा आकडा दाखवला जातो. म्हणजे विम्याचा हप्ता हा माझ्या मोबदल्याचा भाग आहे, हे कंपनी स्वतःच लेखी देते. मग नोकरी सुटताना पीएफ माझ्याबरोबर येतो. २०१४ पासून त्याला युनिव्हर्सल खाते क्रमांकही आहे, मालक बदलला तरी क्रमांक तोच. ग्रॅच्युइटी १९७२ पासून कायद्यात आहे, पाच वर्षं झाली असतील तर ती हातात पडते. एकाच कागदावरच्या तीन ओळींपैकी दोन माझ्याबरोबर चालत येतात आणि तिसरी वाफ होऊन जाते. असं का, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. ‘विमा वर्षाचा असतो’ हे उत्तर अपुरं आहे, कारण वर्षानुवर्षं सलग संरक्षणात राहिल्यानं जे साचतं ते वर्षाचं नसतं. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ उलटतो, दाव्यांचा इतिहास तयार होतो. हे साचलेलं माझं आहे. ते कंपनीच्या कपाटात राहू शकत नाही.

माझ्यापुरतं सांगतो. मुंबईतल्या एका कंपनीत मी १९ वर्षं होतो, त्यातली शेवटची ११ वर्षं गट-विम्यात. २०२१ मध्ये स्टेंट बसला, तो खर्च विम्यातून झाला. २०२३ च्या दिवाळीआधी आमचा विभागच बंद झाला. मी तेव्हा ५३ वर्षांचा होतो. एचआरकडून आलेल्या ईमेलमध्ये परत करायच्या वस्तूंची १४ कलमं होती आणि शेवटी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. विमा वैयक्तिक पॉलिसीत वळवून घेता येतो, याबद्दल एक ओळही नव्हती. नियम मी स्वतः शोधला. विमा कंपनीच्या शाखेतल्या मुलानं मला नवा ग्राहक धरून अर्ज दिला, म्हणजे हृदयाच्या आजारासाठी पुन्हा चार वर्षं थांबा. मी जुन्या संरक्षणाचा दाखला मागितला. एचआर म्हणालं, माहिती टीपीएकडे आहे. टीपीए म्हणालं, मालकाकडून पत्र आणा. सव्वा महिना मी या दोन खिडक्यांमध्ये फिरलो. शेवटी लेखी तक्रारीनंतर पॉलिसी मिळाली, जुनी वर्षं धरली गेली, पण हप्त्यावर जादा आकारणी लावून. पगार बंद झालेल्या घराला तो हप्ता पहिल्याच महिन्यात भरावा लागला. त्या सव्वा महिन्यात मला काही झालं नाही, हा केवळ योगायोग.

गावी आल्यावर शेजारच्या काकांना हे सांगितलं. ते गिरणीतले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कंपनीन कार्ड दिला, कंपनीन काढून घेतला. तुझा काय होता त्यात?” त्यांच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. त्यांच्या पिढीनं हे जगून पाहिलं होतं. पण माझं उत्तर त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. त्यात माझं होतं. अकरा वर्षं माझ्या मोबदल्यात धरलेला हप्ता होता.

आता नियम काय म्हणतो ते बघू. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार गट-पॉलिसीतल्या सदस्याला, कुटुंबासह, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत स्थलांतर करता येतं आणि आधी उलटलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. १ जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलं आहे. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचा कमाल प्रतीक्षाकाळ ४८ महिन्यांवरून ३६ वर आला आणि सलग ६० महिने संरक्षण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. हे सगळं चांगलं आहे. त्यासाठी नियामकाचे आभार.

पण भोकं कुठे आहेत ते पाहा. हक्क मागितला तरच मिळतो. त्याची आठवण करून देण्याची सक्ती मालकावर नाही. विमा कंपनीला जोखीम तपासून हप्ता ठरवायला मोकळीक आहे, म्हणजे ‘नाही’ म्हणता येत नसेल तिथे परवडणार नाही असा आकडा सांगता येतो. आणि कंपनीच बुडाली तर काय? १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. पगार आधीच थकले होते, पुढच्याच महिन्यात कर्मचाऱ्यांचा गट-विमाही संपला, कारण हप्ता भरायला कंपनीकडे पैसे नव्हते. हजारो कुटुंबं एकाच वेळी उघडी पडली. ज्या महिन्यात माणसाला सगळ्यात जास्त आधार हवा, त्याच महिन्यात आधार काढून घेणारी व्यवस्था आपण ‘कल्याणकारी सुविधा’ या नावाखाली चालवतो आहोत.

टाळेबंदीत तर सरकारनंच याची कबुली दिली. एप्रिल २०२० मध्ये कामं पुन्हा सुरू करण्याच्या अटींत केंद्रीय गृह मंत्रालयानं कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला. म्हणजे विम्याशिवाय माणसाला कामावर बोलावणं धोक्याचं आहे, हे मान्य झालं. विम्याशिवाय त्याला कामावरून घरी पाठवणं धोक्याचं आहे की नाही, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. त्या वर्षी घरी पाठवलेल्यांची संख्या कामावर बोलावलेल्यांपेक्षा कमी नसावी, हे आमच्या गावात उतरलेल्या गाड्या बघून कोणालाही कळलं असतं.

अमेरिकेकडे आपण प्रत्येक बाबतीत बघतो, इथेही बघू. आरोग्य-विमा नोकरीला सर्वांत घट्ट बांधणारा देश तोच. तरीही तिथे १९८६ पासून कोब्रा नावाचा कायदा आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरी सुटलेल्या माणसाला तोच गट-विमा साधारण १८ महिने चालू ठेवण्याची संधी द्यावी लागते, तशी लेखी सूचना पाठवावी लागते आणि निर्णयासाठी ६० दिवस द्यावे लागतात. तिथल्या मराठी कुटुंबांना हे पत्र चांगलं माहीत आहे, विशेषतः २०२२-२३ च्या कपातीनंतर. व्हिसा आणि विमा दोन्हींची घड्याळं तेव्हा एकदम सुरू होतात. कोब्राचा दोषही त्यांना माहीत आहे: पूर्ण हप्ता, मालकाच्या वाट्यासकट आणि वर दोन टक्के प्रशासन खर्च, असा १०२ टक्क्यांपर्यंतचा भार बेकार माणसावर पडतो. म्हणून तो अनेकांना झेपत नाही. यातून शिकायचं ते हे, की नुसता हक्क पुरत नाही, पहिले काही महिने हप्ता कोण भरणार हेही कायद्यानं सांगावं लागतं. जर्मनीनं ते सांगितलं आहे. तिथे बेकारी भत्त्यावर असलेल्या माणसाची आरोग्य-विम्याची वर्गणी रोजगार संस्था भरते.

आपल्याकडे असं काही सुचवलं की तीन उत्तरं ठरलेली असतात.

पहिलं उत्तर सल्लागारांचं: ‘कंपनीच्या विम्यावर विसंबू नका, तरुणपणीच स्वतःची पॉलिसी घ्या.’ सल्ला म्हणून ठीक आहे. पण २५ हजार पगारात खोलीचं भाडं, गावचा खर्च आणि बहिणीचं लग्न काढणाऱ्या मुलाला हे सांगणं म्हणजे एकाच धोक्यासाठी दोनदा हप्ता भर असं सांगणं. तो पगारातून एकदा भरतोच आहे. सरकारनंही गोष्टी थोड्या सोप्या केल्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य-विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला. पण ज्याला पन्नाशीत स्टेंट आहे त्याची अडचण कराची नाही, त्याला दारात उभं करतात की नाही याची आहे.

दुसरं उत्तर विमा कंपन्यांचं, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, नोकरी सुटल्यावर फक्त आजारी माणसंच विमा चालू ठेवतील, निरोगी सोडून देतील, मग आम्ही बुडू. बँकांच्या निवृत्तांचा अनुभव याला जवळचा आहे. २०१५ च्या करारानंतर बँक कर्मचाऱ्यांसाठी गट-विमा आला. नोकरीतल्यांचा हप्ता बँक भरते, निवृत्तांनी तो स्वतः भरायचा. काही वर्षांतच निवृत्तांचा हप्ता कित्येक पटींनी वाढला आणि पेन्शनमधून तो भरता भरता अनेकांनी विमा सोडला. पण याचा अर्थ निवृत्तांना विमा देऊ नये असा होत नाही. त्यांचा गट वेगळा काढून महाग केला, हीच चूक होती. तरुण आणि म्हातारे, नोकरीतले आणि नोकरीबाहेरचे एकाच टोपलीत असतील तर भार वाटला जातो. विम्याचा अर्थच तो आहे. आणि स्थलांतर ‘मागितलं तर’ नसून ‘नको म्हटलं नाही तर’ अशा पद्धतीनं झालं, तर निरोगी माणसंही टिकतील आणि टोपली सडणार नाही.

तिसरं उत्तर पुढाऱ्यांचं: ‘महात्मा फुले योजना आहे ना!’ आहे, आणि ती माझ्या दृष्टीनं महाराष्ट्राची एक मोठी कमाई आहे, कारण ती नोकरीला बांधलेली नाही. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता तिचं छत्र पाच लाखांचं आहे आणि रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या रहिवाशांना लागू आहे. पण ती ठरावीक उपचारांसाठी, अंगीकृत रुग्णालयांत, मुख्यतः दाखल झाल्यावर चालते. दर महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी यांना तिचा उपयोग नाही. आणि योजना कार्डावर असली तरी रुग्णालय जमिनीवर लागतं. वालावलकर हे नाव लावलेलं मोठं रुग्णालय चिपळूणजवळ डेरवणला आहे, वालावलला नाही. आमच्याकडे छातीत कळ आली की आधी कुडाळ, मग ओरोस आणि तिथून बऱ्याचदा गोव्याचं बांबोळी, असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास. जानेवारी २०१८ पासून गोव्यानं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते. शेजारच्या राज्याच्या सरकारी इस्पितळासाठी आंदोलन करावं लागणाऱ्या जिल्ह्याला ‘योजना आहे ना’ हे उत्तर पुरत नाही.

या सगळ्यात मध्ये कोण सापडतो ते नीट बघा. २१ हजारांच्या आत असाल तर ईएसआय आहे. केंद्र सरकारी असाल तर निवृत्तीनंतर दहा वर्षांची वर्गणी एकदम भरून सीजीएचएस आयुष्यभर आहे. साठीच्या पुढे असाल तर जानेवारी २०२५ पासून विमा कंपनीला हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त परस्पर वाढवता येत नाही. सत्तरीच्या पुढे असाल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचे पाच लाख आहेत. ४५ ते ६० मधला, खासगी नोकरीतून काढलेला, एखाददुसरा आजार असलेला माणूस या सगळ्या दारांच्या मधल्या ओसरीवर उभा आहे. नवी नोकरी त्याला वयामुळे मिळत नाही आणि नवा विमा आजारामुळे. कपातीत पहिला नंबरही त्याचाच लागतो.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. नोकरी संपवण्याच्या पत्रातच विम्याच्या स्थलांतराची सूचना, शेवटची तारीख आणि सलग संरक्षणाचा दाखला मराठीत देणं मालकाला बंधनकारक करा. न दिल्यास दंड करा. नोकरी सुटल्यानंतर किमान ९० दिवस गट-विमा तसाच चालू राहू द्या आणि त्या काळाचा हप्ता मालकानं कपातीच्या भरपाईबरोबर आगाऊ भरावा. कंपनी बुडाली तर त्यासाठी विमा कंपन्यांच्या वर्गणीतून एक निधी असावा. स्थलांतरित पॉलिसीवर जुन्या आजारासाठी जादा आकारणी बंद करा. साठीच्या पुढच्यांसाठी दरवाढीला लगाम घालता येतो, तर पन्नाशीतल्या बेकारासाठीही घालता येईल. आणि पीएफसारखा विम्यालाही एक आयुष्यभराचा क्रमांक द्या, म्हणजे सलग वर्षांचा पुरावा एचआर आणि टीपीएच्या खिडक्यांत हरवणार नाही.

यातलं काहीही क्रांतिकारक नाही. बरंचसं १९४८ मध्ये आपल्यालाच सुचलं होतं. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या करारात हे कलम घालायला आजपासून सुरुवात केली तर कायद्याची वाटही बघावी लागणार नाही. आणि तुम्ही सध्या नोकरीत असाल तर आज एवढं करा: एचआरला एक ईमेल लिहा आणि विचारा, माझी नोकरी उद्या सुटली तर माझा विमा कसा चालू राहील, आणि आजवरच्या सलग संरक्षणाचा दाखला मला कधी मिळेल. उत्तर लेखी मागा. हा प्रश्न एका कंपनीत एकानं विचारला तर त्याला हसतील. दोनशे जणांनी विचारला तर त्यांना उत्तर शोधावं लागेल.